मगरीचा दात आणि देवाचा कौल

पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला जगातली सगळी दुःखं शेवटी गळतीचीच वाटतात. त्यामुळे तैपेईहून लेकीचा फोन आला आणि ती म्हणाली, "शिन-याच्या बाई सांगत होत्या, वर्षभर शिकवलेलं वाचन उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं गळून जातं," तेव्हा लायसाहेबांना नवल वाटलं नाही.

"गळती नेमकी कुठे आहे, ते आधी शोधावं लागेल," ते गंभीरपणे म्हणाले.

"बाबा, पाइप नाहीये तो, नात आहे तुमची," ह्वे-लान म्हणाली. "आणि नीट ऐका. सुट्टीभर ती तुमच्याकडे. पण मी न्यायला येईन तेव्हा तिला एक अख्खं पान मोठ्याने, न रडता वाचता आलं पाहिजे. नाही आलं, तर पुढच्या उन्हाळ्यापासून ती इथेच. शिकवणीला. तुमच्या पिंगतुंगचं नाव काढायचं नाही."

लायसाहेबांनी फोन ठेवला आणि अंगणात बघितलं. आठ वर्षांची शिन-या आंब्याची कोय चोखत मुंग्यांना रस्ता दाखवत होती. पोरीला वाचता येत नव्हतं असं नाही. मनातल्या मनात येत होतं. पण वर्गात एकदा ती एका शब्दावर अडखळली, पोरं हसली, आणि तेव्हापासून पुस्तक समोर आलं की तिचं तोंड शिंपल्यासारखं घट्ट मिटायचं. ही पोर उन्हाळ्यात घरात नसली तर घराचं काय होईल, हा विचार लायसाहेबांच्या मनात आला आणि त्यांनी तो घाईघाईने परत पाठवला. निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला असे विचार शोभत नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी तिला पुस्तक देऊन टेबलाशी बसवलं. तिला तहान लागली. मग शू लागली. मग पायाला डास चावला, तो दाखवायचा होता. तेवढ्यात त्यांच्या पत्नी पाओ-चू बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, सोडा हो पोरीला. तुमच्यासमोर बसलं की माझंसुद्धा वाचायचं बंद होतं."

गल्लीच्या तोंडाशी आ-बान मावशींचं नाश्त्याचं दुकान होतं. तव्यावर अंड्याची पोळी आणि तोंडात सल्ला, दोन्ही कायम गरम. मावशी म्हणाल्या, "लायसाहेब, एकट्या पोराला कारलं वाढलं तर ते थुंकतं. चार पोरांच्या पंगतीत बसवा, ताट चाटून खाईल."

लायसाहेबांना हे एकदम पटलं. गल्लीतल्या सगळ्या मुलांसाठी रोज संध्याकाळी वाचनाची बैठक! प्रश्न फक्त जागेचा होता. घरच्या ओट्यावर पाओ-चू बाईंचा मुळा वाळत होता, आणि मुळा हलणार नव्हता. म्हणून साहेब वॉर्डप्रमुख हूंग यांच्याकडे गेले. हूंग बारा महिने स्वतःचं नाव छापलेलं जाकीट घालून हिंडत. न जाणो, कोणी विसरलं तर!

"सभागृह? आजीमंडळाची गाण्याची तालीम असते हो रोज," हूंग म्हणाले. "वडाखाली घ्या की. सावली आहे, वारा आहे. फक्त ती देवळाची जागा. तिथे माझी सही चालत नाही."

"मग कोणाची चालते?"

"तुदीगोंग आजोबांची."

तुदीगोंग म्हणजे गल्लीचा देव. वडाच्या बुंध्याशी कपाटाएवढं देऊळ, आत पांढऱ्या दाढीचे, गालात हसणारे आजोबा. बाहेर बाकावर चहा पीत बुद्धिबळ खेळणारे म्हातारे, आणि त्या म्हाताऱ्यांत सर्वांत म्हातारे छोऊ आजोबा. देवाचा कौल कसा लावायचा आणि त्याचा अर्थ काय, यात छोऊ आजोबांचा शब्द अखेरचा.

कौलाला चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. देवासमोर टाकायचे. एक सपाट, एक फुगीर पडला तर देव हो म्हणाला. दोन्ही फुगीर वर, तर साफ नाही. आणि दोन्ही सपाट वर पडले तर देव हसला. मोठ्या कामाला ओळीने तीनदा हो यावं लागतं.

लायसाहेबांनी उदबत्ती लावली, रीतीप्रमाणे आपलं नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगितला आणि पुढे म्हणाले, "उपरोक्त अर्जदार आपल्या अखत्यारीतील मोकळी जागा शैक्षणिक प्रयोजनार्थ, तात्पुरत्या स्वरूपात, वापरण्याची परवानगी मिळणेबाबत विनंती करत आहे."

कौल टाकला. देव हसले.

पुन्हा टाकला. देव पुन्हा हसले.

"कशाला हसतायत?" साहेबांनी विचारलं.

"मला तरी कुठे कळलं तुम्ही काय बोललात ते," छोऊ आजोबा चहा फुंकत म्हणाले. "माणसासारखं मागा की."

आणि नेमकी तीच कचऱ्याच्या गाडीची वेळ. लांबून गाडीची धून ऐकू येऊ लागली, आणि अख्खी गल्ली हातात पिशव्या घेऊन वडापाशी येऊन उभी राहिली. देव लायसाहेबांना हसतायत, ही बातमी गाडीच्या आधी सगळीकडे पोचली. कोणी म्हणालं, नैवेद्य काय आणलात? कोणी म्हणालं, आकडेमोडीच्या माणसावर देवाचा भरवसा नसतो. आ-बान मावशी म्हणाल्या, "नुसतं मागू नका, काहीतरी कबूल करा!"

साहेबांचा चेहरा लाल झाला. इतकी वर्षं लोक त्यांच्या टेबलासमोर उभे राहिले होते. आता ते स्वतः उभे होते आणि पलीकडचा अधिकारी हसत होता. त्यांनी कौल कपाळाला लावला आणि भरल्या गल्लीत मोठ्याने म्हणाले, "आजोबा! शाळा उघडेपर्यंत रोज संध्याकाळी या गल्लीतली मुलं तुमच्यासमोर गोष्ट वाचतील. पाऊस येवो, वादळ येवो, एक दिवस खाडा होणार नाही!"

हो.

हो.

हो.

तीन हो ओळीने, तेसुद्धा असे गरगर फिरून पडलेले, की तुकड्यांचा आवाज थांबेपर्यंत कोणी श्वास घेतला नाही. कचऱ्याची गाडी आली, वाजत वाजत निघूनही गेली, आणि एकाही माणसाने पिशवी टाकली नाही. त्या उकाड्यात तो कचरा पुढे घराघरात जे काही बोलला, त्याचं वर्णन न केलेलंच बरं.

"लायसाहेब," आ-बान मावशी हळूच म्हणाल्या, "हा तर नवस झाला."

"नवस कसला? मी नुसता प्रस्ताव मांडला."

"देवापुढे प्रस्ताव नसतो हो. आणि नवस बोललात तोही आमच्या पोरांच्या नावाने!"

घरी पाओ-चू बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे पुष्कळ पाहिले. दुसऱ्याच्या पोरांवर नवस ठेवणारे तुम्ही पहिलेच."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतली यच्चयावत पोरं वडाखाली हजर झाली. आली म्हणणं चूक आहे, आणली गेली. नवस मोडला तर देव कोणाचं काय करील, हे ठाऊक नसल्यामुळे एकाही आईने धोका पत्करला नाही. लायसाहेबांनी पुस्तकही निवडून ठेवलं होतं. पाणी वाचवण्याबद्दल त्यांनी स्वतः लिहिलेली खात्याची पुस्तिका. त्यात एक थेंब स्वतःची कैफियत मांडतो. पो-हान नावाचा चुणचुणीत पोरगा पुढे बसला आणि त्याने थेंबाची कैफियत खडाखडा वाचली. मग छोऊ आजोबांनी आपलं रीत म्हणून कौल टाकला: देवा, आवडलं का?

नाही.

"तुकडा दगडावर आपटला, हे धरू नका," साहेब म्हणाले.

परत टाकला. नाही. तिसऱ्यांदाही नाही, दोन्ही फुगीर, शेजारी शेजारी, पाठ फिरवून झोपलेल्या म्हाताऱ्यांसारखे.

पोरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते साहेब कधी विसरणार नाहीत. मोठ्या माणसाने निवडलेलं पुस्तक नापास होऊ शकतं, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ती देवाकडे डोळे विस्फारून बघत राहिली. आजवर त्यांना वाटायचं, देव मोठ्यांच्या बाजूने असतो.

वडाच्या पारंबीमागे लपलेली शिन-या त्याच क्षणी बाहेर आली. वाचायला नव्हे. "मी टाकते कौल," ती म्हणाली. छोऊ आजोबांनी तिला तुकडे कसे धरायचे, कपाळाला कसे लावायचे, प्रश्न कसा सरळ विचारायचा ते शिकवलं, आणि त्या दिवसापासून ती गल्लीची कौलवाली झाली.

मग पुस्तकांची रांग लागली. वॉर्डप्रमुखांनी थोरांच्या बालपणाचं पुस्तक आणलं. देव हसले. कोणाच्या आईने इंग्रजी व्याकरण आणलं. एक तुकडा गटारात गेला आणि छोऊ आजोबा म्हणाले, याला काही अर्थ लावायची गरज नाही. शेवटी आ-बान मावशींनी दुकानातून एक जाडजूड पुस्तक आणलं. मुखपृष्ठ नाही, कडेला तेलाचे डाग. एका म्हाताऱ्या मगरीचा दात दुखतो आणि ती दाताचा डॉक्टर शोधत गावोगाव फिरते. जिथे जाते तिथे डॉक्टर खिडकीतून पळून जातो. अशी ती गोष्ट. पहिला भाग संपला, शिन-याने कौल टाकला.

हो. हो. हो.

"उद्या पुढचा वाचायचा," तिने जाहीर केलं. "आजोबांना ऐकायचंय." आणि पुस्तक उचलून घरी घेऊन गेली. कौलवालीनेच ते सांभाळायचं, असा नियम तिने केला आणि त्याला हरकत कोण घेणार?

आता खरं सांगायचं तर गोष्ट जेमतेमच बरी होती. पण गल्लीला वेड लागलं. देवाला पुढे ऐकायचंय म्हटल्यावर सगळ्यांनाच ऐकायचं झालं. म्हाताऱ्यांनी बुद्धिबळ अर्ध्यावर ठेवलं. छोऊ आजोबा म्हणाले, देवाचं वय झालंय, मोठ्याने वाचा. मग हूंगनी वॉर्डाचा कर्णा आणला, आणि मगरीचा ठणका तीन गल्ल्या पलीकडे गेला. तिकडून लोक भांडायला आले, बसले, आणि भांडण राहूनच गेलं. जाताना एकाने विचारलं, "तिसऱ्या डॉक्टरचं काय झालं? आम्हाला मधूनच ऐकू आलं."

वादळ आलं तेव्हा सरकारने शाळा, कचेऱ्या, बाजार सगळं बंद ठेवायला सांगितलं. पण नवसाला कोणती सुट्टी? लायसाहेब छत्री घेऊन निघाले. छत्री पहिल्याच झोताला उलटी झाली. पाओ-चू बाई दारातून ओरडल्या, "पाणी खात्यात होतात ना? भिजा आता पोटभर!" साहेबांना वाटलं, आपण एकटेच असू. वडापाशी जाऊन बघतात तर सात पोरं, प्रत्येकामागे एक आई नाहीतर बाप, सगळे प्लॅस्टिकच्या रेनकोटात देवळाला चिकटून उभे. पो-हान देवाच्या पायाशी, जेमतेम डोकं आत घालून, वाचत होता. वारा शब्द पळवून नेत होता. तरी सगळे कान लावून उभे होते. लायसाहेबांच्या अंगावर काटा आला. पाण्याचा नव्हे.

मग पंचांगाचा सातवा महिना लागला. या महिन्यात पाताळाचं दार उघडतं आणि ज्यांचं घरदार नाही असे आत्मे बाहेर येतात. त्यांना कोणी भूत म्हणत नाही, 'चांगले भाऊ' म्हणतात, उगाच कशाला वाकड्यात शिरा. आ-बान मावशींना काळजी. "एवढी गोष्ट रंगलीय, भाऊ मंडळी येणारच. त्यांना बसायला नको?" म्हणून मागे रिकाम्या स्टुलांची एक रांग मांडली, प्रत्येक स्टुलावर बिस्किटाचा पुडा. वाचन दिवे लागायच्या आत संपवायचं ठरलं. यू-छेन नावाची लाजरी मुलगी त्या दिवशी वाचत होती. तिने एकदा त्या रिकाम्या रांगेकडे पाहिलं, घसा साफ केला आणि आवाज चढवला. शेवटच्या रांगेला ऐकू जायला हवं होतं. एवढे मोठे लोक तिथे बसले होते, पण कोणालाच हसू आलं नाही.

गल्लीचं वाचन असं दिवसेंदिवस भरत चाललं, आणि लायसाहेबांचं तोंड उतरत चाललं. कारण अख्ख्या गल्लीत एकच पोर वाचत नव्हती. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती.

"बाळा, एखादं पान?" ते रोज विचारत.

"मी कौलवाली आहे, आजोबा. कौलवालीने वाचायचं नसतं."

साहेबांनी छोऊ आजोबांना बाजूला घेऊन विचारलं, असा नियम खरंच आहे का? छोऊ आजोबांनी बराच विचार केला. "नव्हता," ते म्हणाले. "पण चांगला वाटतोय."

सुट्टीचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारच्या गाडीने ह्वे-लान आली. वडाखालची गर्दी, कर्णा, बिस्किटं, देवासमोर बसलेली चार गल्ल्यांची पोरं बघून ती जागच्या जागी थांबली. "बाबा, हे काय मांडलंत?"

"वाचन," लायसाहेब खालच्या मानेने म्हणाले.

"आणि शिन-या वाचते?"

साहेबांनी उदबत्त्या नीट करायला घेतल्या. त्या नीटच होत्या.

इकडे भांडण पेटलं होतं. मगरीच्या गोष्टीचा शेवटचा भाग कोणी वाचायचा? पो-हान म्हणे मी, यू-छेन म्हणे मी. मग त्यांच्या आया उतरल्या. "तुमच्या पोराने सगळी डॉक्टरांची भाषणं वाचलीच की!" "अहो, तुमचीचा आवाज पुढच्या रांगेलाही येत नाही, भाऊ मंडळींचं सोडा!" हूंग मधे पडायला गेले आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन आले. शेवटी छोऊ आजोबा म्हणाले, "देवाला विचारा आणि मोकळे व्हा. एकेक नाव, एकेक कौल."

शिन-या पुढे झाली. पो-हान? नाही. यू-छेन? देव हसले. मग बाकीची पोरं, एकामागून एक. नाही. नाही. हसले. नाही. हूंगनी सुचवलं, अशा प्रसंगी वॉर्डप्रमुखाने वाचायला काय हरकत आहे. देव इतके हसले की एक तुकडा उडून त्यांच्या जाकिटावर आपटला. नावं संपली. ऊन उतरू लागलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नवसाचा शेवटचा दिवस, आणि देव कोणालाच वाचू देत नाही!

"एक नाव राहिलंय," शिन-या म्हणाली.

तिने तुकडे कपाळाला लावले. आतापर्यंत ती बाजूला उभी राहून टाकायची, सगळ्यांना दिसेल असं. या वेळी ती गर्दीकडे पाठ करून उकिडवी बसली, फ्रॉक दोन्हीकडे पसरला, आणि टाकले. उदबत्तीपाशी उभ्या असलेल्या लायसाहेबांना तेवढं दिसलं. जगात दुसऱ्या कोणालाही नाही.

दोन्ही फुगीर वर. साफ नाही.

शिन-या त्या तुकड्यांकडे बघत राहिली. मग तिने मान वर करून देवाकडे पाहिलं. मग पटकन दोन्ही तुकडे उचलले आणि उभी राहिली. कान लाल झाले होते.

"हो म्हणतात," ती म्हणाली.

"कोणाला?" गर्दीने विचारलं.

"मला."

लायसाहेबांनी तोंड उघडलं. मीटरवरचा एक आकडा इकडचा तिकडे झालेला त्यांनी उभ्या हयातीत खपवून घेतला नव्हता. हा तर देवाचा निकाल, आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत फिरवला गेला होता. पण पोरीने दोन्ही तुकडे छातीशी घट्ट धरलेले त्यांनी पाहिले. ज्या पोरीला एक शब्द वाचायची भीती वाटायची, तिला आज वाचायचं होतं. इतकं वाचायचं होतं, की त्यासाठी तिने देवाचं 'नाही'सुद्धा ऐकून घेतलं नव्हतं. एवढं धैर्य त्यांनी आयुष्यात कुठे पाहिलं नव्हतं, स्वतःत तर नाहीच. त्यांनी तोंड मिटलं आणि उदबत्त्या पुन्हा नीट करायला घेतल्या.

शिन-याने पुस्तक उघडलं. तिसऱ्या ओळीत एक अवघड चिनी अक्षर होतं. ती अडखळली. थांबली. पो-हानला ते येत होतं, त्याचे ओठ हलले, पण त्याच्या आईने त्याला असा चिमटा काढला की अक्षर तिथेच राहिलं. कोणी हसलं नाही. शिन-या ओळीच्या सुरुवातीला परत गेली, धावत आली आणि ते अक्षर ओलांडून पलीकडे गेली.

मग ती थांबलीच नाही. मगर शेवटच्या गावात पोचली, तिथला डॉक्टर पळायला खिडकी शोधू लागला, पण खिडकीच नव्हती, आणि त्याच्या घाईत मिरपूड उडाली आणि मगर शिंकली. अशी शिंकली की दात उडून गावाच्या घंटेवर आदळला. शिन-याने घंटेचा आवाज काढला. छोऊ आजोबा टाळ्या वाजवायला विसरले.

ह्वे-लान केव्हातरी मागे जाऊन बसली होती. चांगल्या भावांच्या स्टुलावर, बिस्किटाचा पुडा मांडीवर घेऊन. आ-बान मावशींनी ते पाहिलं, हवेकडे बघून हात जोडले, "जरा सरकून घ्या," म्हणाल्या, आणि ह्वे-लानला रुमाल दिला. तिने मागितलं होतं एक पान. तिला अख्खा भाग मिळाला होता आणि तिला डोळे पुसणं जमत नव्हतं.

सगळं आवरल्यावर ती देवळाशी आली. शिन-याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "छान वाचलंस गं. फार छान."

"मग पुढच्या उन्हाळ्यात येऊ ना इकडे?"

"बघू," ह्वे-लान म्हणाली. आयांचं बघू कसं असतं, ते सगळ्यांना माहीत आहे. "तिसरीचा अभ्यास वाढतो, शिकवणीचं काय होतंय, बाबांचंही वय..."

"आपण देवालाच विचारू," शिन-या म्हणाली.

ती तुकडे घेऊन देवासमोर उकिडवी बसली आणि फ्रॉक दोन्हीकडे नीट पसरला. लायसाहेब तिच्या अगदी शेजारी उभे होते. तुकडे खाली पडल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी मान वळवली आणि रस्त्याकडे बघू लागले.

"हो म्हणतात," मागून आवाज आला.